गिझर २००० वॉटचा, हिशेब येतो १७३३ चा. बाकीची वीज जाते कुठे?

खाडीकाठची (ऐरोली)

मुलगी नववीत आहे. ओहमचा नियम शिकवून झालाय, पुस्तकातली उदाहरणं ती पटापट सोडवते. पण परवा म्हणाली, "आई, गणितात सगळे आकडे नीट भागले जातात. घरातल्या वस्तूंचं खरंच असं येतं का?" मला प्रश्न आवडला. रविवारी भाऊजी आले होते. ते रबाळ्याला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत, टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा मीटर) बॅगेतच असतो. त्यांनी मोजलं, आम्ही दोघींनी लांब उभं राहून लिहून घेतलं.

गिझर १५ लिटरचा. पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॉट. गिझर बंद असताना लाइनला २२८ व्होल्ट होते. चालू केल्यावर गिझरचं खालचं झाकण काढून थेट टर्मिनलवर मोजले, तर २१४. करंट ८.१ अँपिअर.

मुलीने वहीत मांडलं: २१४ भागिले ८.१, म्हणजे रोध २६.४ ओहम. २१४ गुणिले ८.१, म्हणजे शक्ती १७३३ वॉट. मग तिचं पहिलं वाक्य, "पाटीवर २००० लिहिलंय!"

भाऊजींनी अजून एक गोष्ट करायला लावली. फ्रिज, पंखे, दिवे सगळं बंद करून खाली मीटर रूममध्ये जाऊन मीटरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं छापलंय. गिझर एकटा चालू असताना १०० लुकलुकी व्हायला ६१ सेकंद लागले. त्यावरून मुलीने १८४४ वॉट काढले.

म्हणजे आता तीन आकडे आहेत. पाटी २०००, मीटर १८४४, गिझर १७३३. भाऊजी घाईत निघून गेले आणि प्रश्न माझ्याकडे राहिला. गिझर खराब झालाय का? आणि २२८ चे २१४ कसे झाले? गिझरचा पिन टॉप (सॉकेटमध्ये घालायचा प्लग) गेले तीन-चार महिने गरम लागतो, पण एवढ्या मोठ्या गिझरला तेवढं चालायचंच असं मी धरून चालले होते.

सानपाडा_तेरा

कॉइलवर क्षार बसला असेल, म्हणून वॉट कमी झाले. कॉइल बदलून घ्या. नाहीतर स्टॅबिलायझर लावा.

नौपाड्याचा_मास्तर

कॉइल बदलू नका, ती उत्तम आहे. तुमच्या मुलीच्याच आकड्यांवरून ते सिद्ध होतं.

पाटीवरचे २००० वॉट हे २३० व्होल्ट मिळाले तर. त्यावरून कॉइलचा रोध काढा. २३० चा वर्ग ५२,९००, त्याला २००० ने भागलं की २६.४५ ओहम. तिने मोजून काढलेला रोध २६.४ ओहम. एवढा तंतोतंत मेळ मला शाळेच्या प्रयोगशाळेतसुद्धा क्वचित मिळतो. क्षार बसला की पाण्यात उष्णता जायला अडथळा होतो, कॉइल आतून जास्त तापते आणि लवकर जाते, हे खरं आहे. पण त्याने विजेचा हिशेब असा घसरत नाही.

आता २१४ व्होल्टला हीच कॉइल किती घेईल? २१४ चा वर्ग ४५,७९६, भागिले २६.४५, बरोबर १७३१ वॉट. मुलीचे १७३३. व्होल्टेज फक्त सात टक्क्यांनी कमी झालं, पण शक्ती तेरा टक्क्यांहून जास्त उतरली, कारण व्होल्टेज कमी झालं की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो आणि दोन्हींचा गुणाकार घ्यायचा असतो. पोरांना हे तोंडी सांगून पटत नाही. या गिझरने पटेल.

मुलीला एक सांगा. पुस्तकांच्या मागे ते बारा सूत्रांचं चक्र छापलेलं असतं, ते पाठ करू नकोस. विभवांतर (व्होल्टेज) म्हणजे विद्युतधारा (करंट) गुणिले रोध. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. दोनच. व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॉट या चारांपैकी कुठलेही दोन हातात असले की उरलेले दोन यातूनच निघतात.

वायरमन_कोपरी

ताई, सगळं बाजूला ठेवा आणि आधी तो पॉइंट बंद करा. गिझर आज वापरू नका. पाणी गॅसवर तापवा.

मास्तरांचं बरोबर आहे, गिझर चांगला आहे. पण तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलेलं वाक्य मला सगळ्यात आधी दिसलं. पिन टॉप गरम लागतो. गिझर कितीही मोठा असला तरी पिन टॉप गरम लागता कामा नये. कोमट समजू शकतो. हात काढून घ्यावासा वाटला तर काम बिघडलेलं आहे. मी ठाण्यात आणि नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात मिळून तीस वर्षं वायरिंग करतोय. जळालेले बोर्ड जेवढे उघडलेत त्यात शॉर्टसर्किटपेक्षा लूज स्क्रू जास्त निघाले.

खाडीकाठची (ऐरोली)

काका, बंद केला. बटण बंद, आणि त्या लाइनची एमसीबीही खाली पाडली. पण मग एवढे दिवस एमसीबी पडली कशी नाही? आमच्याकडे आरसीसीबीसुद्धा आहे.

वायरमन_कोपरी

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला पाहिजे. नीट लिहितो.

एमसीबी बघते की करंट जास्त जातोय का. तुमची त्या लाइनची एमसीबी बहुतेक १६ अँपिअरची असणार, आणि जातोय ८.१. लूज कनेक्शनमुळे करंट वाढत नाही, उलट थोडा कमी होतो. तिच्या लेखी सगळं ठीक आहे. आरसीसीबी बघते की फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला का. तोही पूर्ण परत येतोय, गळती कुठेच नाही. म्हणजे दोघीही आपापलं काम चोख करतायत आणि तरीही भिंतीत बोर्ड जळू शकतो. लूज जोड ओळखायचा तर हात, नाक आणि व्होल्टमीटर एवढ्याच गोष्टी आहेत आपल्याकडे. जळक्या प्लास्टिकचा, माशासारखा वास आला तर तिथेच थांबायचं.

आता तुमचे १४ व्होल्ट. ते वाटेत पडलेत. वाटेवर ८.१ अँपिअर जातायत, म्हणजे वाटेचा एकूण रोध १४ भागिले ८.१, १.७३ ओहम. आणि वाटेत तापणारी शक्ती १४ गुणिले ८.१, ११३ वॉट. मीटर आणि गिझरमध्ये जो १११ वॉटचा फरक मुलीने काढलाय तो हाच. दोन वेगळ्या रस्त्यांनी एकच आकडा आलाय, शाब्बास म्हणा तिला.

११३ वॉट वायरभर पसरून तापले तर त्रास नाही. एकाच स्क्रूवर तापले तर आग. म्हणून वाटेचे तुकडे करून मोजावे लागतील. गिझर चालू ठेवून, म्हणजे लाइव्ह. हे काम तुम्ही करायचं नाही, भाऊजींनाच बोलवा. घर कितव्या मजल्यावर, बोर्ड मेन स्विचपासून किती लांब आणि वायर दीडची की अडीचची, तेवढं सांगा.

खाडीकाठची (ऐरोली)

चौथा मजला. मेन स्विचपासून बाथरूमबाहेरचा बोर्ड वायरच्या रस्त्याने साधारण १४ मीटर. वायरवर दीड स्क्वेअर एमएम छापलंय. भाऊजी उद्या संध्याकाळी येतायत.

वायरमन_कोपरी

गिझरच्या लाइनला दीडची वायर मी स्वतः टाकत नाही, अडीचचीच टाकतो. पण करंट बघता ती लगेच जळेल असंही नाही. दीडच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला ०.०१२१ ओहम धरा. जायचे १४ आणि यायचे १४, मिळून २८ मीटर. यायची वायर मोजायला नव्याण्णव टक्के लोक विसरतात. २८ मीटरचे ०.३४ ओहम, त्यावर ८.१ अँपिअरला पावणेतीन व्होल्ट पडायला हवेत. अडीचची असती तर पावणेदोनच्या आत. मेन स्विचला २२५ मिळाले तर बोर्डाच्या मागे २२२ च्या आसपास दिसायला पाहिजेत. तिथे २२२ असतील आणि गिझरला २१४, तर चोर बोर्डात नाहीतर पिन टॉपमध्ये आहे.

घणसोली_कॉलेज

मला एक शंका आहे आणि ती मला अकरावीपासून सतावतेय. उष्णता करंटचा वर्ग गुणिले रोध. म्हणजे रोध वाढला की उष्णता वाढते. पण उष्णता व्होल्टेजचा वर्ग भागिले रोधही आहे. म्हणजे रोध वाढला की उष्णता कमी होते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? गिझरची कॉइल २६ ओहमची असून २००० वॉट देते, आणि लूज स्क्रू एक ओहमचा असून जळतो.

नौपाड्याचा_मास्तर

दोन्ही सूत्रं खरी आहेत. प्रश्न एवढाच विचारायचा की काय स्थिर आहे.

घरातली उपकरणं समांतर जोडणीत असतात. प्रत्येकाला तेच २३० व्होल्ट मिळतात. व्होल्टेज ठरलेलं असलं की कमी रोधाची वस्तू जास्त शक्ती घेते. म्हणून २००० वॉटच्या गिझरचा रोध २६ ओहम आणि १००० वॉटच्या इस्त्रीचा ५३ ओहम.

पण लूज स्क्रू समांतर नाही, तो गिझरच्या एकसरीत, म्हणजे एकाच वाटेवर एकामागे एक, आहे. एकसरीत सगळ्यांमधून तोच करंट जातो, आणि तो किती जायचा ते मुख्यतः गिझरची कॉइल ठरवते. करंट ठरलेला असला की ज्याचा रोध जास्त तो जास्त तापतो. चांगल्या जोडाचा रोध ओहमच्या हजारांश भागात असतो. ०.००५ ओहमच्या जोडावर ८.१ अँपिअरला ०.३३ वॉट. तोच जोड १ ओहमचा झाला की ६५ वॉट. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते आणि शिसं-कथिल वितळवते. इथे तशा अडीच, एका नखाएवढ्या जागेत.

पुढचं जास्त महत्त्वाचं. तापलं की पितळेवर ऑक्साइडचा काळा थर धरतो, स्प्रिंगचा ताण जातो, रोध आणखी वाढतो, मग आणखी तापतं. हे वाढत कुठवर जाईल? जोडाचा रोध कॉइलच्या रोधाएवढा, २६.४ ओहम झाला तर करंट साधारण ४.३ अँपिअरवर येतो आणि जोडावर सुमारे ४९० वॉट तापतात. त्यापुढे रोध वाढला तर जोडावरची शक्ती उतरते. पण प्लास्टिकचा बोर्ड ४९० वॉटपर्यंत टिकतच नाही.



सानपाडा_तेरा

कॉइलबद्दलचा माझा सल्ला मागे घेतो. माझ्या गिझरचा पिन टॉप आत्ता हात लावून बघितला, थंड आहे. पण एक विचारतो. माझ्याकडे जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब आहे. मल्टीमीटरने त्याचा रोध ६६ ओहम आला. २३० चा वर्ग भागिले ६० केलं तर ८८२ यायला हवा. मग हा नियम बल्बला लागू नाही का?

नौपाड्याचा_मास्तर

नियमातली अट आपण विसरतो, भौतिक स्थिती कायम असली पाहिजे. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि तिचा रोध थंड असतानाच्या तेरा-चौदा पट होतो. तुमचे दोन्ही आकडे बरोबर, एक थंड बल्बचा, एक पेटलेल्या. म्हणून असे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबल्याक्षणी जायचे, कारण त्या क्षणी करंट सगळ्यात जास्त असतो. गिझर-इस्त्रीची कॉइल नायक्रोमची असते, तिचा रोध तापल्यावर थोडासाच वाढतो.

याच ओघात ओहमबद्दल सांगायचा मोह होतो. गेऑर्ग ओहम शाळेत शिकवायचे, कोलोनला. त्यांच्या काळच्या बॅटरीची अडचण म्हणजे तार जोडली की बॅटरीचंच व्होल्टेज खाली यायचं. तुमच्या २२८ चे २१४ झाले तसं. मग तारेचा परिणाम कुठला आणि बॅटरीचा कुठला? १८२६ मध्ये त्यांनी बॅटरी सोडून तांबं आणि बिस्मथ यांचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दोन्ही तापमानं पक्की, म्हणून व्होल्टेज पक्कं. तेव्हा कुठे नियम दिसला, १८२७ मध्ये पुस्तक आलं. मोजताना कुठली गोष्ट स्थिर आहे याची खात्री करणं हेच त्यांचं खरं काम होतं, असं मला वाटतं. त्या पुस्तकाची कदर व्हायला बरीच वर्षं गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ले पदक मिळालं ते १८४१ मध्ये.

कळवा_स्लो

रोज कळवा ते दादर जातो म्हणून हे लिहितोय. आपल्या लोकल आधी १५०० व्होल्ट डीसीवर चालायच्या, १९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला हार्बरवर पहिली विजेची गाडी धावली तेव्हापासून. मग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसी झालं आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये शेवटची डीसी लोकल पुन्हा हार्बरवरच धावली.

याच धाग्यातल्या गणिताने बघा. समजा गाडीला ३० लाख वॉट हवेत. १५०० व्होल्टला २००० अँपिअर लागतील, २५,००० ला फक्त १२०. करंट सुमारे १७ पटींनी कमी, आणि तारेत तापून जाणारी शक्ती करंटच्या वर्गाने, म्हणजे त्याच तारेत जवळपास २७८ पटींनी कमी. एसीतले बारकावे सोडून दिले तरी चित्र कळतं. म्हणून डीसीच्या काळात सबस्टेशनं दर काही किलोमीटरवर लागायची.

सीवूड्स_सकाळ

मीटरचा दिवा मोजायची युक्ती फार आवडली. १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, त्याला ३२०० ने भागलं की एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. १०० लुकलुकी, ६१ सेकंद, १८४४ वॉट. बरोबर जुळतं. ज्यांच्या मीटरवर ३२०० ऐवजी दुसरा आकडा आहे त्यांनी तो घ्यावा.

मी फ्रिजवर करून बघितलं. टाँग टेस्टरवर १.१ अँपिअर, २३० व्होल्ट, गुणाकार २५३. पण मीटरवरून येतात १५० वॉट. उलटं कसं?

वायरमन_कोपरी

मोटर आहे ना. फ्रिज, एसी, पंप यांच्यात करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो, म्हणून नुसता गुणाकार वॉट देत नाही. त्याला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. तुमचा १५० भागिले २५३, ०.५९ आला. घरचं बिल वॉटवरच येतं. आणि मोटरच्या वायंडिंगचा रोध मल्टीमीटरने मोजून २३० ला त्याने भागू नका, भलताच करंट येईल. तो हिशेब गिझर, इस्त्री, टोस्टर, रॉड यांच्यासाठीच.

टाँग टेस्टर एकाच वायरीभोवती घालायचा, फेज किंवा न्यूट्रल. दोन्ही एकत्र घेतल्या तर शून्य दाखवतो. आणि स्वस्त मल्टीमीटरच्या अँपिअरच्या खोबणीत पिन घालून घरच्या लाइनचा करंट मोजू नका, कुणीही. हातात फुटतो.

खाडीकाठची (ऐरोली)

भाऊजी आत्ता गेले. सगळं लिहिते.

गिझर फक्त मोजण्यापुरता, दोन-तीन मिनिटं चालू ठेवला. मीटरला २२७ पेक्षा किंचित जास्त, मेन स्विचला २२५, बोर्डाच्या मागे वायरींच्या टोकांवर २२२. काकांनी सांगितलं तेच. मग भाऊजींनी मल्टीमीटरची एक टोचणी बोर्डातल्या न्यूट्रलच्या वायरीवर आणि दुसरी गिझरच्या न्यूट्रल टर्मिनलवर ठेवली. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं होतं. ७.४ व्होल्ट आले. मुलीने भागाकार केला, ०.९१ ओहम. गुणाकार केला आणि गप्प झाली. ६० वॉट.

एमसीबी पाडून, टेस्टरने दोनदा तपासून सॉकेट काढलं. न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता. वायरीचं इन्सुलेशन दोन बोटं तपकिरी होऊन कडक झालं होतं, सॉकेटचा मागचा भाग वितळून एका बाजूला कलला होता. पिन टॉपची ती पिन काळी. समोरून बोर्ड स्वच्छ पांढरा दिसत होता. मी रोज तिथे टॉवेल टांगत होते.

नवीन १६ अँपिअरचं सॉकेट, नवीन पिन टॉप, वायर जळकी होती तेवढी कापून पुढचं चांगलं तांबं घेतलं. अडीचची वायर पुढच्या महिन्यात घालून घेणार आहोत. आता गिझरला २२२ व्होल्ट, ८.४ अँपिअर. रोध २६.४, तोच. शक्ती १८६५ वॉट. मीटरच्या १०० लुकलुकी ५९ सेकंदांत.

सीवूड्स_सकाळ

बिलात काही फरक पडेल का?

नौपाड्याचा_मास्तर

फारसा नाही. १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे १८ लाख ८४ हजार ज्यूल लागतात. आधी त्याला १८ मिनिटं लागत होती, आता १७. मीटरवर ०.५६ युनिटच्या जागी ०.५४. यात पैसे वाचत नाहीत. तो ६० वॉटचा निखारा भिंतीतून गेला, एवढंच आणि तेवढंच मिळालं.

वायरमन_कोपरी

ताई, महिन्याभराने एकदा एमसीबी पाडून तो स्क्रू परत आवळायला सांगा भाऊजींना. नवीन तांबं दाबाखाली थोडं बसतं, पहिला आवळ ढिला पडतो. आणि आरओ, मायक्रोवेव्ह, इस्त्रीचे पॉइंटही वापर झाल्या झाल्या हात लावून बघा.

खाडीकाठची (ऐरोली)

इस्त्रीचा पॉइंट मुलीने आत्ताच बघितला, वीस मिनिटं इस्त्री करून. थंड आहे. मायक्रोवेव्हचा कोमट लागतोय. तो बंद करून ठेवलाय, भाऊजी शनिवारी येतायत.